दोन गाण्यांच्या मधली खरखर

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण रचूनच सांगायचं असतं तर मी स्वतःला जरा बरा तरी दाखवला असता. इथे तर माझीच अब्रू जाते आहे.

गोष्ट गेल्याच महिन्यातली. अंधार नाही, वादळ नाही. भर दुपार, लख्ख ऊन.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. लोक जुन्या कॅसेट, तबकड्या आणतात. मी त्यातला आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरवून फाइली करून देतो. मला माझ्या कानांचा फार गर्व. बायको म्हणते, "एवढे तिखट कान आहेत, तर मी मारलेली हाक तेवढी कशी ऐकू येत नाही हो?"

गल्लीच्या टोकाला एक काकू राहतात. शिवणकाम करतात. घरात एकट्याच. त्यांनी एक कॅसेट आणली. नवऱ्याने घरात बसून गायलेली गाणी होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली.

"सगळं घ्या हं भाऊ," त्या म्हणाल्या. "काही सोडू नका."

"काकू, आत्ता समोर बसून गातायत असं वाटेल, बघाच तुम्ही!"

ही फुशारकीच मला नडली.

टेप अगदी जीर्ण होती. एकदाच धड वाजली. मागे गुंडाळायला गेलो, तर डेकने तिचा पार चोथा केला. म्हटलं जाऊ दे, आवाज तर उतरलाय.

मग सफाई. ती कशी करतात ते सांगतो, कारण सगळं तिथेच बिनसलं. सॉफ्टवेअरला आधी नुसत्या खरखरीचा एक तुकडा दाखवायचा. हे बघ बाबा, हा कचरा. मग ते तसला सगळा आवाज पूर्ण रेकॉर्डिंगमधून उपसून काढतं. मी दोन गाण्यांच्या मधली रिकामी जागा दाखवली. तिथे काही नव्हतं. नुसतं सूं… सूं…

बटण दाबलं. गाणी आरशासारखी लख्ख झाली. आणि मी शहाण्याने ती साफ फाइल मूळ फाइलवरच सेव्ह केली, म्हणजे मूळ पुसलीच गेली.

काकू आल्या. हेडफोन लावून ऐकत बसल्या. पहिलं गाणं संपलं, तशा त्या पुढे झुकल्या. डोळे मिटले…

मग उघडले.

"ती कुठे गेली?"

"कोण, काकू?"

"मधे असते ना. दोन गाण्यांच्या मधे."

"मधे काही नव्हतं हो. खरखर होती, ती काढून टाकली."

"खरखर नव्हे भाऊ. माझी मुलगी होती ती."

मुलगी जन्मापासून मुकी. वडील गायला बसले की त्यांना चिकटून बसायची. पुढे तापात गेली. तिचा म्हणून जगात एकच आवाज उरला होता. या टेपवरचा तिचा श्वास.

आणि तो मी कचरा म्हणून उपसून टाकला होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच पाय धरून खरं सांगायला हवं होतं. पण तोंडातून निघालं, "मूळ फाइल आहे की माझ्याकडे. परवा देतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात एकटाच होतो. मशीन बंद, कॉम्प्युटर बंद, पंखासुद्धा बंद. हेडफोन टेबलावर पडलेला.

त्यातून आवाज आला…

सूं… सूं… सूंऽऽऽ…

दोन आखूड, एक लांब. आणि शेवटी बारीकशी उचकी.

मी हेडफोनची वायर बघितली. कशालाच जोडलेली नव्हती.

पण खरं सांगू? भीतीच्या आधी मनात आलं, बरं झालं, सापडली! धडपडत माइक लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं. कानाला श्वास स्वच्छ ऐकू येत होता. पडद्यावरची रेघ मात्र सरळच…

जरासुद्धा हलली नाही.

परवाचा दिवस उजाडला आणि मी जे केलं, ते लिहितानाही लाज वाटते.

बायको आत झोपली होती. मी तिच्या उशाशी माइक ठेवला. तिचा श्वास भरला. तिला न विचारता. दोन गाण्यांच्या मधे बेमालूम चिकटवला, वरून थोडी खरखर पेरली आणि पेन ड्राइव्ह काकूंच्या घरी देऊन आलो.

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मी मान वर केली नाही.

संध्याकाळी त्यांचा फोन. चोराच्या मनात चांदणं.

"भाऊ, ऐकलं मी. पण मधे दोघी आहेत हो."

"दोघी?"

"पुढे एक मोठी बाई आहे. ती कोण, मला कळेना. पण तिच्या मागे माझी आहे. दोन छोटे, एक मोठा, मग उचकी. आईला काय सांगायला लागतं?"

उचकीबद्दल मी कुणालाही, अगदी कुणालाही सांगितलं नव्हतं.

तीच फाइल मी माझ्याकडे लावली. पुन्हा लावली. मला फक्त बायकोचा श्वास ऐकू येतो.

"ती बाई…" मी म्हणालो.

"असू दे हो, असू दे," काकू म्हणाल्या. "माझीला एकटीला झोपायची फार भीती वाटायची. तुम्ही सोबतीला कुणीतरी दिलंत. देव तुमचं भलं करो."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी आजतागायत त्यांना खरं सांगितलेलं नाही. रोज ठरवतो. त्या रस्त्यात दिसल्या, हसल्या, की मी दुकानात शिरतो.

बायकोलाही सांगितलेलं नाही. परवा ती झोपेतून उठून बाहेर आली आणि वैतागून म्हणाली, "अहो, दुपारी असं मला चिकटून झोपत जाऊ नका. किती उकडतं!"

मी तर सबंध दुपार दुकानात होतो.

आत्ता हे लिहितोय तेव्हाही ती आत झोपली आहे. दार उघडं आहे. इथवर दोन श्वास ऐकू येतायत. आत जाऊन तिला उठवायला हवं, कळतंय मला. पण उठवलं तर सगळं सांगावं लागेल… म्हणून मी इथेच बसलोय.