दिवंगत, वय सत्त्याऐंशी

"मला मारणारा शोधून द्या," म्हातारी खुर्चीत टेकत म्हणाली.

तपासनिसाचा मेहुणा टिपणवही उघडून बसला होता. त्याने घाईघाईने 'खून' असं लिहिलं आणि खोडलं, कारण खून झालेली बाई समोर पाणी पीत होती.

तिने एक पत्रक पुढे सरकवलं. ज्यूद्वेष आणि वंशसंहार यांवरच्या संशोधनाला अनुदान देणाऱ्या निधीचं ते पत्रक होतं. यंदाचं अनुदान एका संशोधकाच्या पुस्तकाला मिळालं होतं. पुस्तक 'दिवंगत' साक्षीदाराच्या जबानीवर होतं आणि साक्षीदार म्हणून नाव म्हातारीचं होतं.

"शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवलं. माझी नजर गेलीय. एरवी टपाल लेकच उघडते, तीच वाचते."

"जबानीत काय आहे?"

"आमच्या लोकांना गावातून कसं नेलं, ते. आणि माझी एक गोष्ट. मी जिवंत असेपर्यंत छापायचं नाही अशी अट घातली होती मी. लेकीला ते कळता कामा नये. तिच्याशिवाय मला कोणी नाही."

"वय?"

"कागदावर नव्वद."

मेहुण्याने नव्वद लिहिलं. तपासनीस मात्र तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

निधीची कार्यवाह बाई नियमांना चिकटून जगणारी होती. निधन झाल्याचं पत्र टपालाने आलं म्हणून अट उठली, असं तिने फाइल उघडून दाखवलं. पत्र टाइप केलेलं, खाली गिचमिड सही, वय ८७.

"जबानी तुम्ही वाचलीत?"

"छे हो. संशोधक ती सीलबंद पाकिटात देतात. साक्षीदाराने तपासावी म्हणून आम्ही पाकीट तसंच घरी पाठवतो. नियमच आहे तो. यांची प्रत एकही दुरुस्ती न होता परत आली. पुढच्या महिन्यात निधनाचं पत्र."

"वय टाइप करताना चुकलं असेल, दाजी," मेहुणा जिन्यात म्हणाला.

"दोन्ही आकडे चुकले? बोट होतं की बैलाचा खूर?"

संशोधकाची खोली ध्वनिफितींच्या खोक्यांनी भरली होती. म्हातारी जिवंत आहे हे ऐकून त्याने चालू ध्वनिफीत बंद केली.

"फायदा माझाच झाला, नाही म्हणत नाही," तो म्हणाला. "ही जबानी नसती तर अर्ज बाद झाला असता. पण बातमी कळली तेव्हा मी रडलो. त्यांच्या घरी सांत्वनाचं पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही."

"त्यांचं खरं वय किती?"

"ते जबानीत आहे. मी सांगणार नाही."

"हाच तो," बाहेर पडताच मेहुणा म्हणाला. "पाणी इथेच मुरतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीच्या घरी संशोधक, कार्यवाह बाई असे सगळे जमले. लेक खिडकीशी उभी होती.

"आजी, हे एकटीने ऐकलंत तर बरं," तपासनीस म्हणाला.

"लेकीपासून माझं काही लपलेलं नाही," म्हातारी लेकीला ऐकू जाईल असं म्हणाली.

इथे त्याला गप्प बसता आलं असतं. पण स्वभावाला औषध नसतं.

"निधनाच्या पत्रात वय सत्त्याऐंशी आहे. कागदोपत्री नव्वद. म्हणजे पत्र लिहिणाऱ्याला खरं वय ठाऊक होतं आणि ते फक्त जबानीत आहे. कार्यवाह बाईंच्या हाती गेलं ते सीलबंद पाकीट. संशोधकाने जबानी ऐकली होती, पण जिला आपणच खोटं मारलं तिच्या घरी कोण सांत्वनाचं पत्र धाडेल? ती बाई स्वतःच उघडेल की. आजी, ते पत्र तुम्हाला मिळालं?"

"नाही."

"तपासायला आलेली प्रत?"

"कसली प्रत?"

"दोन्ही या घरी आली. या घरचं टपाल एकच माणूस उघडतं."

म्हातारीने लेकीच्या दिशेला तोंड वळवलं. लेकीने नाकारलं नाही.

"लपवायची सोय एकाच मुलीची होती, मोठीची, म्हणजे मावशीची," लेक म्हणाली. "लपवायला न्यायला आलेल्या माणसाने दारातून मावशीचं नाव पुकारलं आणि ओ दिलीस तू. मावशी आत होती. तुझेच बूट शोधत होती."

"मी सहा वर्षांची होते गं."

"माहीत आहे. म्हणून तर सत्त्याऐंशी लिहिलं. मावशीची तीन वर्षं तुझ्या खात्यावर लिहवेनात मला. तिचं नाव तू जन्मभर वापरलंस, ते तिला परत मिळायला हवं होतं. आणि मी खोटं काय लिहिलं? ती प्रत वाचली त्या दिवशी माझी आई गेलीच."

संशोधकाला हुंदका आवरेना. कार्यवाह बाईने एक कागद काढून म्हातारीच्या हातात पेन दिलं.

"जिवंत आहे असं लिहून सही करा. छपाई आजच थांबते."

ती सही तिला न बघता येत असे. बोटं आपसूक वळलीदेखील.

"कर," लेक म्हणाली. "कर मावशीची सही."

हात थांबला. म्हातारीने विचारलं, "छापायला माझी हरकत नाही, असं लिहून देता येईल?"

"येईल. पण त्यालाही सही लागेल. तुमच्या नावाची."

म्हातारी वाकली आणि अंदाजाने दोन अक्षरं काढली. ज्यू मुलांना शाळेत घेणं बंद झालं तेव्हा ती नुकती लिहायला लागली होती. त्यानंतर हे स्वतःचं नाव तिने कधी लिहिलं नव्हतं.

"पुढचं अक्षर कुठलं गं?" तिने लेकीला विचारलं.

ते नाव लेकीने प्रतीत वाचलेलं होतं. ती खिडकीबाहेर बघत उभी राहिली.