नकाशावरची कोरी जागा

एल्डन त्या दुपारी जमातीच्या वतीने फक्त सही करायला गेला होता. गॅसच्या पाइपलाइनसाठी चर खणताना होपी आदिवासींच्या, म्हणजे त्याच्याच पूर्वजांचं काही सापडलं नाही, असं कागदावर आधीच लिहून ठेवलं होतं.

चराच्या कडेला पोचून त्याने खाली वाकून पाहिलं. मातीत मका दळायचा एक पाटा अर्धा कापून निघाला होता. भोवती काळ्या-पांढऱ्या खापऱ्या पडल्या होत्या. लहानपणी मामाने दाखवलेलं पूर्वजांचं गाडलेलं घर ते हेच.

"मी विचारलं होतं, आजोबा," कंपनीचा इंजिनियर म्हणाला. "नकाशा पुढ्यात ठेवला होता. तुम्हीच बोट ठेवलं नाहीत."

खोटं नव्हतं ते. नकाशावर आलेल्या घरात चोर कुदळी घेऊन शिरतात, मेलेल्यांच्या उशाची मडकीसुद्धा सोडत नाहीत. म्हणून मामाची ताकीद होती, जागा दाखवायची नाही. एल्डन एवढंच म्हणाला होता, "आमची माणसं इथं सगळीकडेच राहतात." त्या शहाण्याने ऐकून घेतलं आणि जागा कोरी सोडली.

चरातून आवाज येत होता. खर्र... खर्र...

"अरे, यंत्र बंद कर ना!" इंजिनियर ओरडला.

"बंदच आहे, साहेब... केव्हाचं," यंत्रावरचा माणूस म्हणाला.

भाजलेल्या निळ्या मक्याचा वास वर आला. कुणीतरी दळत होतं. मग हातातलं काम टाकून उठावं तसा आवाज थांबला.

एल्डन चराच्या कडेला बसला. कमरेच्या पिशवीतलं, पूर्वजांना वाहायचं चिमूटभर मक्याचं पीठ त्याने चरात सोडलं. त्याला रडू आवरेना.

"मी गप्प बसलो... तुमच्यासाठीच बसलो," तो पुटपुटला. "आता कुठं जाल? घरी चला माझ्या."

सही न करताच तो निघाला. पठारावर बहिणीच्या घरी पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. वर्लीन दारातच उभी होती.

"दादा, आईचा पाटा कुणी काढला? ती गेल्यापासून पालथा होता तो. मी शेजारी जाऊन येते तोवर..."

मागच्या खोलीत पाटा उताणा होता. त्यावरचं निळं पीठ अजून कोमट होतं. पिठात एवढासा, लहान मुलाचा पंजा उमटला होता.

एल्डनने हळूच दार लोटून घेतलं.

"रस्सा आहे ना चुलीवर? वाट्या मांड."

वर्लीनचा आवाज अगदी खाली आला. "किती मांडू?"

तेवढं मामाने त्याला कधी सांगितलं नव्हतं.