दुसरीच्या मापाचं ब्लाउज

"हे तुमच्या मापाचं नाही, अक्का."

शिंपी एवढंच म्हणाला आणि आसावरीचं डोकं फिरलं. मराठी बोलणारा शिंपी म्हणून कोरमंगलाहून दोन बस बदलून ती चामराजपेटेत आली होती. बाहेर भुरभुर पाऊस, सकाळपासून पोटात फक्त वाटीभर उकडलेला कोबी, आणि गळ्यात टेप अडकवलेला हा तिशीच्या आतला माणूस तिला अक्का म्हणत होता.

"मी तुमची अक्का नाही. आणि तीन आठवड्यांनी हेच माझं माप असेल."

"आज कुणाचं आहे मग?"

"...होणाऱ्या नणंदेचं."

"सरी, बरं," तो म्हणाला. त्याने ब्लाउजकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि नजर पटकन खाली घेतली. त्या नजरेत हसू नव्हतं. राग होता... आणि याला कसला आलाय राग, म्हणून आसावरी आणखीच चिडली.

आसावरी पुण्याची. वर्षापूर्वी एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली म्हणून बंगळूरला आली, पीजीत राहिली. या उन्हाळ्यात अजिंक्यचं स्थळ आलं, पसंती झाली, साखरपुडा ठरला. साडी मुलाकडची, आणि तिच्यावरचं ब्लाउज शिवायला मुलीकडून मापाचं ब्लाउज मागून घ्यायचं, ही आपल्याकडची रीत. अजिंक्यच्या आईने रीतच उलटी फिरवली. साडीबरोबर त्यांनी मापाचं ब्लाउज पाठवलं, स्वतःच्या लेकीचं. त्याच्या घडीत एक झेरॉक्स कागद होता.

सात दिवसांत पाच किलो! पहिल्या दिवशी नुसती फळं, दुसऱ्या दिवशी उकडलेला कोबी, चौथ्या दिवशी केळी आणि दूध. मीठ बंद, पाणी बारा ग्लास. आठवडा संपला की पुन्हा पहिल्यापासून. खाली कुणाचं नाव नाही, गाव नाही. कोपऱ्यात शाईने लिहिलेलं, "बाळ, मनावर घे." ज्या बाळाला चिमूटभर मीठही मिळायचं नव्हतं, त्या बाळाने मनावर घेतलं. लोक आपल्याला काय काय मनावर घ्यायला लावतात आणि आपण घेतो, याची चीड यावी तेवढी थोडीच.

"आत जा. आत्या माप घेईल," शिंपी म्हणाला. "वहीत तुमचं माप लागतं. कुणाच्या नणंदेचं नाही."

पडद्याआड चंद्राबाई होत्या, त्याच्या आत्या. त्या टेप लावत आणि आकडा असा ओरडून सांगत, की समोरच्या हॉटेलातल्या माणसांनीही मान वर करावी.

"पद्मनाभा, छाती छत्तीस! कंबर एकतीस!"

आसावरीला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बाहेर आली तर पद्मनाभ निमूट वहीत लिहीत होता. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

पुढच्या शनिवारी ती ट्रायलला आली, तेव्हा केस मागे घट्ट बांधलेले होते, कारण मोकळे सोडले की गळत होते. त्या आठवड्यात ती कंडक्टरशी भांडली होती, पीजीतल्या श्वेताशी भांडली होती, कंपनीतल्या संगणकाशीही भांडली होती. पडद्याआडून आकडा आला, "चौतीस!" आणि पद्मनाभची पेन्सिल थांबली.

"आठ दिवसांत दोन इंच?"

"मेहनत केली," आसावरी ताठ मानेने म्हणाली.

"याला मेहनत म्हणतात काय हो? इस्त्रीखाली कापड जळतं, तेही आकसतं की."

"तुमचं काम शिवायचं. तेवढं करा."

"तेच करतोय की. स्वल्प श्वास सोडा. तुम्ही रागावलात की बाहीचं माप अर्धा इंच वाढतं."

तिला हसू आलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा... तेही बाहीवरून! ते लपवायला ती रस्त्याकडे वळली. समोरच्या हॉटेलात तव्यावर डोसा पडला, त्या वासाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाय-टू सांगू?" त्याने हळूच विचारलं. एक कॉफी, दोन पेल्यांत अर्धी अर्धी... या गावात परक्यालाही असं विचारतात. पण त्याने विचारलं ते परक्याला विचारावं तसं नव्हतं, आणि ते दोघांनाही कळलं.

"आज कोबीचा दिवस आहे," ती म्हणाली.

"आणि माणसांचा कधी असतो?"

ती पर्स उचलून निघाली. पायऱ्या उतरताना मात्र तिने वळून पाहिलं. तो टेप हातात धरून तसाच उभा होता.

तिसऱ्या शनिवारी ती दुकानाच्या पायरीपर्यंत पोचली आणि तिथेच कोसळली.

शुद्ध आली तेव्हा हाताला सलाइन होतं. उशाशी चंद्राबाई, दारात पद्मनाभ, आणि समोर त्या गल्लीच्या डॉक्टर श्यामला, हातात तो झेरॉक्स धरून. तो आसावरीच्या पर्समध्ये सापडला होता.

"रक्तातलं मीठ उतरलंय. नाडी मध्येच ठोका चुकते," त्या कानडी हेलाच्या मराठीत म्हणाल्या. "पाळी?"

"चुकली," आसावरी पुटपुटली.

"या महिन्यात असा कागद घेऊन आलेली तू तिसरी. मी चिठ्ठी लिहिते त्यावर माझी सही असते. मी चुकले तर तू माझी मान धरशील. याच्यावर सही कुणाची आहे? मेली असतीस तर कुणाची मान धरायची?" त्यांनी कागद चुरगळला नाही. घडी करून तिच्या हातात दिला. "ज्याने दिला त्याला परत दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाय ठरल्यावर तिने एसटीडी बूथवरून अजिंक्यला फोन लावला. सगळं सांगितलं, चक्कर, सलाइन, चुकलेला ठोका. 

"अरे बापरे," अजिंक्य म्हणाला. "काळजी घे गं... पण आठच दिवस राहिलेत. किती उतरलं?"

दोन आठवडे तिचा राग पत्ता न सापडलेल्या पत्रासारखा भलत्याच दारांवर फिरत होता. आता त्याला पत्ता मिळाला.

"तुमची साडी, ब्लाउज आणि कागद कुरिअरने परत पाठवते आहे," ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात कापला नाही. "तुझ्या बहिणीला बरोबर बसेल."

तिथून ती रिक्षाने थेट चामराजपेटेत आली. रविवार असूनही दुकानाचं अर्धं शटर वर होतं.

"शिवलेलं ब्लाउज द्या. परत पाठवायचंय. लग्न मोडलं."

पद्मनाभ उठून उभा राहिला, पुन्हा बसला. मग म्हणाला, "ते त्या नणंदेला बसणार नाही."

"का?"

त्याने शिवलेलं ब्लाउज काढून उलटं केलं. आतून दोन्ही बाजूंना कापड तसंच होतं, दुमडून कच्च्या टाक्यांनी धरलेलं. ट्रायलला तिने घातलं ते हेच.

"पहिल्या दिवशी तुमी जेवढ्या होतात, तेवढं कापलंय. कापड एकदा कापलं की परत येत नाही."

"मी काय सांगितलं होतं आणि तुम्ही काय केलंत?" आसावरीचा आवाज चढला. "तिकडे त्यांनी माझं माप ठरवलं, इकडे तुम्ही. मी किती असावं हे ठरवणारे तुम्ही सगळे कोण लागून गेलात?"

"मी ठरवलं नाही," तोही चिडून म्हणाला. "मोजलं. आलात तसं लिहून घेतलं. आणखी बारीक व्हायचं तर व्हा, पण खाऊन-पिऊन व्हा. जाड झालात तरी आत दोन इंच मार्जिन ठेवलंय. चार ठेवलं असतं, कापड पुरलं नाही." मग तो मान खाली घालून म्हणाला, "काल तुमी पायरीवर पडलात ना... माझे हात अजून थरथरतायत. सुईत दोरा जात नाही. आता रागवा पाहिजे तेवढं."

आसावरी रागावणारच होती. पण तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. ते खरंच थरथरत होते. तिने गल्ल्याजवळची कात्री उचलली आणि कच्चा टाका स्वतः उसवला. एक, मग दुसरा. कापड मोकळं झालं.

"साडी जाईल," ती म्हणाली. "हे माझ्याकडे राहील."

पद्मनाभचा चेहरा उजळला. शटरखालून वाकून त्याने समोरच्या हॉटेलकडे एका कॉफीची हाक दिली, "अण्णा, ओंदु बाय-टू!"

"बाय-टू नको," आसावरी मागून म्हणाली. "मला अख्खी हवी. साखर घालून. आणि मसाला डोसा, त्यावर लोणी."

त्याने तशीच ऑर्डर दिली आणि वळला.

"आणि अर्धी अर्धी?" त्याने विचारलं.

"उद्यापासून," ती म्हणाली आणि त्याच्या स्टुलावर बसली. "आज मला फार भूक लागली आहे."