ताईची जागा

"ताई, तुला नाही कळायचं! तुझं दवाखान्यातलं दात उपटणं वेगळं आणि जबड्याची वाढ ओळखून दात हलवणं वेगळं. त्याला पुढचं शिक्षण लागतं. तुला तर अभ्यासाचाच कंटाळा!"

छोटी जेवता जेवता सहज बोलून गेली… पण ताईच्या हातातला घास हातातच राहिला. दंतवैद्यकाच्या पदवीनंतर तीन वर्षं राबून दात सरळ करण्याची विद्या मिळवून आलेली ही धाकटी बहीण! तारा वाकवून बोटं सोलवटली की ताईच त्यांना मलम लावायची. तोंडी परीक्षेच्या आधी ताईच खोटी परीक्षक होऊन तिला उलटसुलट प्रश्न विचारायची. तरीही ताईने भाजीचं भांडं तिच्यापुढे सरकवलं.

"कंटाळा?" बाबांचा थरथरता हात टेबलावर आपटला. "अगं, याच शिक्षणाला हिला तुझ्याआधी प्रवेश मिळाला होता!"

"बाबा, नको ना…" ताई कळवळून म्हणाली.

"बोलू दे मला! त्याच वर्षी हे हात कापू लागले. दंतवैद्याचे हात, आणि दात बघायचा आरसासुद्धा धरवेना! तू तेव्हा पदवीच्या पहिल्या वर्षाला होतीस. हिने आपली जागा सोडली, माझ्या दवाखान्यात उभी राहिली, आणि तुझं मन शिक्षणातून उडू नये म्हणून सांगितलं, की मला अभ्यासाचा कंटाळा आलाय!"

छोटीचा चेहरा पांढराफटक पडला. ती ताटावरून उठली आणि तिने खोलीचं दार लावून घेतलं. आतून दबलेले हुंदके ऐकू येत राहिले… ताईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. इतकी वर्षं जपलेलं गुपित असं उघडं पडावं!

सकाळी ताई दवाखान्यात पोहोचली, तर छोटी आधीच ताईचा पांढरा कोट चढवून खुर्चीपाशी उभी!

"हा कोट आता माझा. प्रवेश परीक्षेचा अभ्यास सुरू कर. दवाखाना मी बघते."

"वेडी की काय तू? केस पिकायला लागले माझे! वर्गातली पोरं मावशी म्हणतील!"

"म्हणू देत! तुझ्या जिवावर मी मोठी झाले आणि तुलाच घालून पाडून बोलले, ताई…" तिने ताईच्या गळ्यात हात टाकले, आणि दोघी लहान मुलींसारख्या मनसोक्त रडल्या.

पहिल्या प्रयत्नात ताई थोडक्यात हुकली. "पुरे आता," ती म्हणाली. बाबा आणि छोटी दोघेही तिच्यावर असे तुटून पडले, की पुस्तकं पुन्हा उघडावीच लागली. दुसऱ्या खेपेला जागा मिळाली… आणि खरंच, वर्गाने तिला मावशीच म्हटलं! क्ष-किरण चित्रांवरून जबड्याचे कोन मोजताना तिला तहानभूक आठवेना.

एका संध्याकाळी तिने स्वतः वाकवलेली पहिली तार मोठ्या अभिमानाने छोटीपुढे धरली. छोटीने ती टेबलाच्या काचेवर ठेवली, बोटाने हळूच दाबली. तार एका टोकाने उचलली गेली.

"डुलतेय. सपाट बसली नाही. परत वाकव."

बाबांनी श्वास रोखला. ताईचे डोळे भरून आले, आणि त्या भरल्या डोळ्यांनीच ती खळखळून हसली.

"हो मॅडम!" म्हणत तिने पक्कड उचलली.