जोडमैदानावरची तिसरी चूक

विमान कुंपण मोडून थांबलं, तेव्हा ती धावत सुटलीच होती. हातात प्रथमोपचाराची पेटी, तोंडात शिव्या.

"जिवंत आहात का?"

"बहुतेक..." तो खाली उतरला. कपाळावर ओरखडा आणि ओठांवर चक्क हसू.

"मग हसताय काय? डोळे घरी ठेवून येता?"

"डोळे बरोबरच होते. तुमच्याकडे होते, एवढंच."

तिने कपाळावर आयोडिन असं दाबलं की तो कळवळला.

मुख्य विमानतळ लढाऊ विमानांनी भरलेला. म्हणून शिकाऊ वैमानिक आठ मैलांवरच्या या गवताळ जोडमैदानावर उतरायचा सराव करत. इथे मनोरा नव्हता, रेडिओ नव्हता. टी अक्षरासारख्या मांडलेल्या दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि वारा फिरला की त्या फिरवणारी ती. आडव्या पट्टीच्या दिशेने, वाऱ्याला सामोरं उतरायचं. हा वाऱ्याला पाठ देऊन उतरला होता. तेही दुसऱ्यांदा. तिसरी चूक झाली की शिकाऊ कायमचा जमिनीवर. चुका कळवायचं कामही तिचंच.

पुढचे तीन आठवडे तो नीट उतरला. उतरला की पाणी मागायचा.

"तुमच्या तळावर विहिरी आटल्या का?"

"तिथलं पाणी कुणी इतक्या रागाने देत नाही."

ती तोंड फिरवायची... आणि हसू आवरायची. या हसण्याचाही तिला राग यायचा.

मग एका दुपारी तो पुन्हा उलटा उतरला. विमान धडधडत गेलं, कुंपणापासून हातभर अंतरावर थांबलं. कुठे काही मोडलं नाही. मैदानात दुसरं कुणी नव्हतं.

"कुणी पाहिलं नाही," तो हळूच म्हणाला. "तू... नाही ना कळवणार? माझ्यासाठी?"

तिने कळवलं.

दोन दिवसांनी तो सामानाच्या ट्रकमधून आला. ट्रक पुढच्या चौकीकडे गेला, तशी त्याने टोपी गवतात आपटली.

"चार दिवसांत मी आघाडीवर गेलो असतो!"

"गेला असतास. आणि पाचव्या दिवशी घरी तार आली असती."

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

"माझा दादा इथे शिकत होता, तेव्हा या कामावर दुसरी मुलगी होती. फार मायाळू. त्याची तिसरी चूक तिने पोटात घातली. दोन महिन्यांनी तो उतरताना गेला. शत्रूची गोळीसुद्धा लागली नव्हती रे! आई अजून तिला दुवा देते, पोराचं स्वप्न पुरं केलं म्हणून. मला ते ऐकवत नाही."

"म्हणून तो राग माझ्यावर काढलास?"

"हो, आहे राग! तुझा राग, युद्धाचा राग, रोज वर बघत बसावं लागतं त्याचा राग! अर्धा तास पेन धरून बसले होते मी. तुझ्यावर जीव नसता ना... तर अर्ध्या मिनिटात लिहून मोकळी झाले असते!"

बोलून गेली आणि गवतात बसली.

"मी माफ केलेलं नाही तुला," टोपी उचलत तो म्हणाला.

"माफी मागितलीय कुणी?"

तो बसला — तिच्यापासून दोन हात लांब, तोंड दुसरीकडे करून. तासाभराने ट्रक परत आला, हॉर्न वाजवू लागला. त्याने मान न वळवताच हात वर केला आणि ड्रायव्हरला पुढे जायची खूण केली.