आसरांच्या डोहातले मास्तर

कराडच्या जनुकदुरुस्ती केंद्रातल्या पडद्यावर ओवीच्या हृदयाचा आलेख संथ चालला होता. चार वर्षांची ओवी सगळ्यांकडे पाठ करून ठोकळे रचत होती. पोर जन्मापासून ठार बहिरी, त्यात रडता रडता दोनदा निपचित पडलेली. दुरुस्त जनुकाची मात्रा तिला महिन्यापूर्वी दिली होती.

"हृदय सावरलं, मास्तर," डॉ. नझमा मुल्ला म्हणाल्या. "ठोका झाला की पेशीतलं पोटॅशियम बाहेर पडावं लागतं, तेव्हा ती पुढच्या ठोक्याला तयार होते. त्यासाठीचं दार हे जनुक घडवतं. कानातही तेच दार असतं. पण कानाचं आत्ताच सांगवत नाही."

ओवीच्या वडिलांचा, सयाजी मास्तरांचा, जीव भांड्यात पडला. "निम्मी लढाई जिंकली! उद्या आसरांच्या डोहात मनसोक्त पोहणार."

त्यांच्या आईनं, इंदूबाईंनी, कपाळाला हात लावला. इंदूबाईंचे वडील आणि थोरला भाऊ त्याच डोहात बुडून गेले होते. पाण्यातल्या देवता, साती आसरा, ओढून नेतात म्हणून त्यांच्या माहेरचं कुणी पाण्यात उतरत नसे. विज्ञान शिकवणारे मास्तर मात्र ही अंधश्रद्धा मोडायला दर रविवारी गावादेखत तिथं उडी घेत. बायकोही त्यांनी आईच्याच माहेरची केली होती, धाकट्या मामाची मुलगी.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्ही पोहता? आणि स्वतःची तपासणी मात्र टाळलीत! ओवीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. एक आईकडून आली. दुसरी?"

मास्तरांनी आजवर फळ्यावर मेंडेलचे वाटाणे शेकडो वेळा मांडले होते. त्यात स्वतःला कधी धरलं नव्हतं.

"माझ्याकडून," ते पुटपुटले. "पण मला ऐकू येतं."

"एक प्रत चांगली असली की कान शाबूत राहतात. हृदय मात्र जोरात पोहताना दगा देऊ शकतं. सगळ्यांनाच देतं असं नाही. डोहात बुडाले म्हणून तुम्ही लिहून दिलेत, त्या आजोबांना, मामांना बहुधा दिला. तुम्ही नशिबानं वाचलात. तुमचीही दुरुस्ती करू, तोवर पाणी बंद."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. आसरा खोट्या होत्या, पण डोहाचं भय अगदी खरं होतं.

"खबरदार डोहाकडं फिरकलास तर!" इंदूबाई कडाडल्या. "तंगडी मोडून हातात देईन!"

ओवी दचकली. तिच्या हातातला ठोकळा पडला. तिनं मान वळवली आणि डोळे विस्फारून आजीच्या तोंडाकडे पाहत राहिली.

मास्तरांना रडू आवरेना.

"आये, थांबू नकोस," ते म्हणाले. "अजून शिव्या घाल."