क्रेटच्या तळाशी

"मॅडम, ती नका घेऊ. वरनं रंगीत, आतनं फोपशी."

नगरच्या बाजारात हातगाडीवरचं संत्रं मी नुकतंच उचललं होतं. मागे वळले, तर टेम्पोतून क्रेट उतरवणारा एक उंच मुलगा हसत उभा!

"तुम्हाला काय कळतं हो?"

"बाग हाय माझी, सोनईला." त्यानं आपल्या क्रेटमधलं एक संत्रं सोललं आणि फोड पुढे केली. "ही बघा खाऊन."

फोड गोड होती. खाताना मी त्याच्या डोळ्यांकडेच बघत होते... हे जरा उशिरा लक्षात आलं.

त्यानंतर आमच्या घरी संत्री फारच येऊ लागली. "प्रार्थना, एवढी कसली तब्येत बनवतेस गं?" मम्मी विचारायची. शेवटी नाताळच्या तोंडावर मी सांगून टाकलं — हर्षल नाव, हिंदू आहे, शेती करतो आणि मला आवडतो. पप्पा म्हणाले, "नाताळला येऊ दे घरी. मग बघू." त्या 'बघू'वर माझं सगळं अडलं होतं.

हर्षल आला. कडक इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर संत्र्यांचा क्रेट. करंजीला हात लावायच्या आधीच म्हणाला, "काका, आधी तुमच्यासाठी एक चीज बनवतो." आणि क्रेटच्या तळातून त्यानं काढली... व्होडकाची बाटली!

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. माझे पप्पा, शांतवन सर, चर्चच्या व्यसनमुक्ती मंडळाचे सेक्रेटरी! आमच्याकडे खोकल्याचं औषधसुद्धा लेबल वाचून येतं.

मी डोळे वटारले, मान हलवली. त्याला वाटलं, कौतुक चाललंय. त्यानं उंच ग्लासात बर्फ भरला, थोडी व्होडका ओतली, वर तिप्पट ताजा रस. हलकेच ढवळून काठावर संत्र्याची चकती खोचली.

"घ्या काका. मेरी ख्रिसमस."

पप्पांनी ग्लास नाकाशी नेला. "तू घेतोस?"

"छे! आमच्यात समदे माळकरी. थेंब बी चाखला न्हाई कधी."

"मग ही कशाला?"

"म्हनलं, तुमच्यात नाताळला... हे लागतंच."

"कोण म्हणालं?"

"समदेच म्हनत्यात..."

मग पप्पांचे खांदे हलायला लागले — आणि ते इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"मरिया, ती बाटली ठेव गं तुझ्या गुडघ्यांना चोळायला." मम्मीला असं सांगून त्यांनी ग्लास मोरीत रिकामा केला. "आणि तू, असाच दुसरा कर. नुसत्या रसाचा. चकती मात्र पाहिजे."

तो ग्लास त्यांनी चवीचवीनं संपवला. "रविवारी आईवडिलांना घेऊन ये. क्रेटही आण. तळापर्यंत संत्र्यांचाच!"

फाटकापाशी मी हर्षलला जोरात चिमटा काढला. "शिकलास कुठं रे हे?"

"मोबाईलवर. व्होडकाच्या जागी पानी घालून रोज बनवत हुतो. आई म्हनली, येड लागलं का रं तुला?"

"मग? काय सांगितलंस?"

तो कानापर्यंत लाल झाला. "म्हनलं, व्हय... लागलंय. प्रार्थनाचं."

मी त्याचा हात हातात घेतला. त्या हाताला अजून संत्र्यांचा वास येत होता.